डहाणूचे वकील : चिंतामण वनगा आणि आदिवासींचा संसदेपर्यंतचा मार्ग



सीमाभागातील शाळेत इतिहासावर व्याख्यान आहे म्हटले की श्रोत्यांच्या मनात एक तारीख आपोआप उभी राहते : १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवसाने आपल्या वाट्यास जे आले त्याविषयी ह्याच व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले असणार आणि पुढेही बोलले जाईल. मी आज तो विषय बाजूस ठेवून आपणांस सह्याद्रीच्या दुसऱ्या टोकाकडे, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या तलासरी-डहाणू भागात नेणार आहे. तोही सीमाभागच आहे. तिथेही डोंगर, जंगल, धो-धो पाऊस आणि पावसाळा सरताच कोरडे पडणारे ओढे आहेत. आणि तिथेही माणसांना आपली जमीन आपली आहे हे कागदाने सिद्ध करावे लागते. कणकुंबीसारख्या गावाला त्या प्रदेशाची कथा परकी वाटण्याचे कारण नाही.

ह्या कथेचा नायक म्हणावा तर एक वकील आहे, ॲडव्होकेट चिंतामण वनगा. तलासरी तालुक्यातील कवाडा ह्या गावचा हा आदिवासी माणूस कायद्याची पदवी घेऊन वकील झाला, आणि १९९६, १९९९ व २०१४ अशा तीन वेळा लोकसभेवर निवडून गेला. भारतीय राजकारणात वकिलांची कधीच वाण नव्हती. १९२४ साली आपल्या बेळगावात जे काँग्रेसचे अधिवेशन भरले त्याचे अध्यक्ष महात्मा गांधी हे स्वतः बॅरिस्टर. नेहरू पितापुत्र, वल्लभभाई, जिना, डॉ. आंबेडकर, ज्याच्याकडे पाहावे तो वकील. वकिली हा स्वतंत्र धंदा असल्याने सरकारची चाकरी न करता पोट भरता येई आणि सरकारशी त्याच्याच भाषेत भांडता येई. परंतु ह्या साऱ्या लखलखाटात आदिवासी वकील कोठे होता? घटना समितीत आदिवासींची बाजू ज्या तडफेने जयपालसिंह मुंडा ह्यांनी मांडली ते ऑक्सफर्डचे पदवीधर होते, १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे कर्णधार होते, पण वकील नव्हते. 'आदिवासी' हाच शब्द घटनेत असावा असा त्यांचा आग्रह होता. घटनेने मात्र 'अनुसूचित जमाती' हा शब्द स्वीकारला, कारण डॉ. आंबेडकरांच्या मते पहिल्या शब्दाला कायद्याचा निश्चित अर्थ नव्हता. शब्दाच्या निवडीत एवढे काय, असे आपणांस वाटेल. व्याख्यानाच्या अखेरीस मी कुणबी ह्या एका शब्दाकडे येणार आहे, तेव्हा ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या दारातच सापडेल.

डहाणू-तलासरीचा वारली एके काळी आपल्या रानाचा धनी होता. इंग्रजी अमलात जंगल राखीव झाले, जमिनीची मोजणी झाली, सारा रोखीने द्यावा लागला, आणि रोख पैसा ज्याच्याजवळ होता तो सावकार हळूहळू जमीनदार झाला. ज्या शेतात कालपर्यंत स्वतःची नाचणी पेरली तेथेच वारली खंडकरी कूळ झाला. त्याच्या पुढची पायरी वेठीची. जमीनदार बोलावील तेव्हा, बोलावील त्या कामाला, मोबदल्यावाचून जायचे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही आयुष्यभर मालकाच्या घरी राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. आपल्याकडील वृद्धांना कुमरी शेती ठाऊक असेल. जंगल साफ करून, राख करून, काही वर्षे पीक घ्यायचे आणि मग रान पुन्हा वाढू द्यायचे, ही पद्धत जंगलखात्याने गुन्हा ठरविली तेव्हा इकडच्या डोंगरातील माणसांची जी कोंडी झाली, तिच्यावरून तिकडची कल्पना करता येईल.

ह्या माणसाला वकील भेटे तो एकाच रूपात, म्हणजे सावकाराचा वकील. कचेरीत कोणत्या कागदावर आपला अंगठा घेतला गेला हे त्याला कळत नसे. दाव्याची भाषा प्रथम इंग्रजी, नंतर ग्रांथिक मराठी. त्याची स्वतःची बोली वारली. नोटीस निघाली तर ती वाचणारा गावात कोणी नाही, तारखेला हजर राहावे तर दिवसाची मजुरी बुडते, आणि हजर न राहावे तर निकाल एकतर्फी लागतो. कायदा नव्हता असे नाही. कायदा होता, पण तो नेहमी समोरच्याच्या बाजूने बोलत असे, कारण ह्याच्या बाजूने बोलणारा कोणी नव्हता.

तो पहिल्यांदा बाहेरून आला. गोदावरी परुळेकर ह्या महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून ओळखल्या जातात, आणि त्यांचे पती शामराव परुळेकर हेही कायद्याचे अभ्यासक. १९३७ साली ते डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत गेले होते. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली, तिला माह्या धांगडा आणि त्यांचे काही सोबती गेले. त्याच वर्षी २३ मे रोजी तलासरीजवळ झरी गावी वारल्यांची प्रचंड सभा झाली आणि वेठ करायची नाही असा निर्धार ठरला. पुढचे काही महिने ठाणे जिल्ह्याचा तो भाग पेटला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे सहकारी, एकूण पाच जण, तेथे मृत्युमुखी पडले. वेठ आणि लग्नगडी ह्या प्रथा मात्र त्यानंतर टिकल्या नाहीत. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात ही हकीकत लिहिली आहे. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शाळेच्या ग्रंथालयात ते नसेल तर आणून ठेवावे, अशी मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे.

ह्या उठावाचे एक दूरचे फळ १९५७ साली दिसले. त्या काळी काही मतदारसंघांतून दोन खासदार निवडले जात, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. ठाणे मतदारसंघातून कम्युनिस्ट पक्षाचे शामराव परुळेकर आणि त्यांच्याबरोबर राखीव जागेवर लक्ष्मण माटेरा असे दोघे लोकसभेत गेले. संयुक्त महाराष्ट्राची ती लाट होती, हे आपल्याला निराळे सांगावयास नको. वकील आणि आदिवासी एकाच मतदारसंघातून एकाच वेळी दिल्लीस गेले. पण ती दोन वेगळी माणसे होती. एकाच माणसात ह्या दोन गोष्टी एकत्र यावयास आणखी चाळीस वर्षे जावी लागली. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले आणि पुढे डहाणू हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ झाला. १९७७ साली तेथून मार्क्सवादी पक्षाचे लहानू कोम निवडून आले. १९८० पासून १९९१ पर्यंतच्या चारही निवडणुकांत काँग्रेसचे दामोदर शिंगडा.

वनगांचा जन्म १९५० सालचा. म्हणजे ज्या वर्षी राज्यघटना अमलात आली त्याच वर्षी हे मूल तलासरी तालुक्यात जन्मले. झरीची सभा झाली त्याला तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती. त्यांच्या वाढत्या वयात तलासरी हा लाल बावट्याचा बालेकिल्ला होता आणि बऱ्याच अंशी आजही आहे. अशा तालुक्यातून पुढे येऊन वनगांनी भारतीय जनता पक्षाची वाट धरली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून माधवराव काणे ह्यांनी तलासरीत आदिवासी मुलांसाठी वसतिगृह चालविले होते आणि संघविचाराच्या मंडळींचे काम त्या भागात रुजत होते. ह्या दोन प्रवाहांत तेथे बरीच वर्षे कडवट झगडा झाला. एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूच्या कामाचे चांगले बोलत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र असे एका बाजूस बसता येत नाही. मला दिसते ते असे की, एका प्रवाहाने तेथील माणसाला ताठ उभे राहावयास शिकविले, दुसऱ्याने त्यांच्या मुलांना शाळेच्या बाकावर बसविण्याचा खटाटोप केला. आणि कोणाचे श्रेय किती हे ठरविण्याचे काम तेथील मतदारांनी दर पाच वर्षांनी, कधी इकडे कधी तिकडे कौल देऊन केले आहे.

आता वकिलीविषयी. वनगांच्या खटल्यांची जंत्री देण्याचा माझा हेतू नाही. आदिवासी वकील ज्या काळात डहाणूसारख्या ठिकाणी काळा कोट चढवतो त्या काळात कायद्याचे स्वरूप काय होते, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. १९७४ साली महाराष्ट्रात दोन महत्त्वाच्या गोष्टी झाल्या. जमीन महसूल संहितेत कलम ३६ अ आले, आणि आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून बिगरआदिवासीकडे जाऊ नये असे ठरले. त्याच वर्षी आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो १ नोव्हेंबर १९७५ पासून अमलात आला. पूर्वी झालेला व्यवहार कायदेशीर खरेदीखताने झाला असला, तरी तहसीलदाराला तो मोडून जमीन मूळ धन्यास देता यावी, असा तो कायदा. जमीनधारकांनी त्यास आव्हान दिले. १९८४ साली लिंगप्पा पोचन्ना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला.

विद्यार्थी मित्रहो, हा कायदा कागदावर किती सुंदर आहे पाहा. पण तो चालविण्यास काय लागते? प्रथम आपली जमीन कोणत्या साली, कोणत्या फेरफाराने गेली हे शोधावे लागते. जुना सातबारा काढावा लागतो. बापाचे नाव कागदावर एक आणि गावात दुसरेच, असे असेल तर तोच हा माणूस हे दाखवावे लागते. जातीचा दाखला लागतो. आणि हे सर्व करताना समोरचा मनुष्य बहुधा गावातच राहणारा, उधारीचा दुकानदार किंवा मजुरी देणारा बागाईतदार असतो. असा दावा लढविणाऱ्याला पक्षकाराची बोली कळणे ही गोष्ट सोयीपुरती नाही. साक्षीदार काय सांगतो आहे हे नेमके कळणारा वकील आणि दुभाष्याच्या तोंडून ऐकणारा वकील ह्यांत निकालाचे अंतर पडते. तलासरीच्या माणसाला स्वतःच्या बोलीत बोलणारा वकील मिळाला, ही माझ्या दृष्टीने खासदारकीहूनही मोठी घटना आहे. खासदार एकटाच असतो आणि तोही पाच वर्षांनी बदलतो.

तरी खासदारकीकडे वळू. १९९६ च्या निवडणुकीला एक काळी पार्श्वभूमी होती. १९९२ च्या सुमारास त्याच पट्ट्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली आणि मुंबईपासून इतक्या जवळ असे घडते हे पाहून सारा महाराष्ट्र खजील झाला. अशा भागातून वनगा अकराव्या लोकसभेत गेले. ती लोकसभा दोन वर्षेही टिकली नाही. प्रथम वाजपेयींचे तेरा दिवसांचे सरकार, मग देवेगौडा, मग गुजराल. पण ह्या अस्थिर सभागृहाच्या काळातच, डिसेंबर १९९६ मध्ये, आदिवासींच्या दृष्टीने स्वातंत्र्यानंतरचा एक सर्वांत मोठा कायदा झाला. दिलीपसिंह भुरिया समितीच्या अहवालावर आधारलेला पंचायत विस्तार कायदा, ज्याला आज सर्वजण 'पेसा' म्हणतात. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला जमीन, गौण वनोपज, गावचा बाजार आणि सावकारीवरचे नियंत्रण ह्या बाबतींत अधिकार देणारा हा कायदा. महाराष्ट्राने त्याचे नियम करावयास २०१४ साल उजाडावे लागले. अठरा वर्षे! मूल जन्मून मतदार होईपर्यंतचा काळ नियमांच्या वाट पाहण्यात गेला. ह्यात कोणत्याही एका पक्षाला दोष देऊन मोकळे होता येत नाही, कारण त्या अठरा वर्षांत सगळेच पक्ष सत्तेवर येऊन गेले.

येथे कणकुंबीकरांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तलासरी, डहाणू, जव्हार हा भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्र आहे. कर्नाटकात आणि गोव्यात असे एकही अनुसूचित क्षेत्र नाही. त्यामुळे पेसा कायदा घाटाच्या ह्या बाजूस लागू होत नाही आणि त्या बाजूसही नाही. डोंगर तेच, झाडे तीच, पण कायदा निराळा.

१९९८ साली वनगा हरले. काँग्रेसचे शंकर नम निवडून आले. तेरा महिन्यांत ती लोकसभाही गेली आणि १९९९ साली वनगा पुन्हा जिंकले. ह्या खेपेस पूर्ण मुदत मिळाली आणि त्यांचा पक्ष सत्तेत होता. ऑक्टोबर १९९९ मध्ये केंद्रात आदिवासी विकासासाठी स्वतंत्र मंत्रालय झाले, नोव्हेंबर २००० मध्ये झारखंड आणि छत्तीसगड ही राज्ये झाली, २००३ च्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जमातींसाठी वेगळा राष्ट्रीय आयोग मंजूर झाला आणि संथाळी व बोडो ह्या भाषा आठव्या अनुसूचीत आल्या. वारलीसारख्या बोलीचा तेथे विचार झाला नाही, तो भाग वेगळा. वनगा ह्या काळात सत्ताधारी बाकांवर होते. केंद्रातील मंत्रिपद मात्र त्यांच्या वाट्यास तेव्हा आले नाही आणि पुढेही कधी आले नाही. मागील बाकावरच्या खासदाराचे चरित्र लिहिताना लेखकाला मोह होतो की सभागृहात त्याच्या हजेरीत जे जे झाले ते त्यानेच घडविले असे दाखवावे. मी तसे करणार नाही. हे कायदे पुष्कळांच्या चळवळींनी घडले. पण ज्या सभागृहात ते झाले तेथे तलासरीचा एक कायदा जाणणारा माणूस मत देण्यासाठी बसलेला होता, ही वस्तुस्थिती आहे आणि ती लहान नाही.

जगातील एक दाखला ह्या ठिकाणी आठवतो. न्यूझीलंडमध्ये तेथील मूळ रहिवाशांसाठी, माओरी लोकांसाठी, १८६७ सालीच संसदेत चार जागा राखून ठेवण्यात आल्या. त्यांतील एका जागेवर १९०५ साली आपिराना न्गाटा हा तरुण निवडून आला. न्यूझीलंडच्या विद्यापीठाची पदवी पूर्ण करणारा तो पहिला माओरी. कायद्याचीही पदवी त्याने घेतली होती. १९४३ पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, तो त्या सभागृहात होता आणि १९२८ ते १९३४ ह्या काळात मंत्री म्हणून त्याने माओरींच्या जमिनी सरकारी पैशाने सुधारून त्यांच्याच हाती ठेवण्याची मोठी योजना चालविली. चौकशी लागून त्याला पद सोडावे लागले, तरी काम उरले. राखीव जागा, कायद्याचे शिक्षण आणि दीर्घ काळ ह्या तीन गोष्टी न्गाटाला एकत्र मिळाल्या. वनगांना पहिल्या दोन मिळाल्या. तिसरी तुकड्यातुकड्यांनी मिळाली. महाराष्ट्रात दीर्घ काळ मिळाला तो नंदुरबारच्या माणिकराव गावितांना. ते नऊ वेळा लोकसभेवर गेले, पण त्यांची वाट वकिलीची नव्हती.

२००४ साली दामोदर शिंगडांनी डहाणू परत घेतले. मतदारसंघांची पुनर्रचना होऊन डहाणूचे नाव पालघर झाले आणि २००९ साली बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव ह्यांच्याकडून वनगांचा थोड्या फरकाने पराभव झाला. त्याच वर्षी ते विक्रमगडमधून विधानसभेत गेले. २००६ च्या वनहक्क कायद्याचे दावे त्या काळात महाराष्ट्रभर ग्रामसभांपुढे आणि उपविभागीय समित्यांपुढे साचत होते. २०१४ साली ते सुमारे दोन लाख एकोणचाळीस हजारांच्या मताधिक्याने लोकसभेवर परतले, आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाण्यातून वेगळा पालघर जिल्हा झाला.

ह्या नव्या जिल्ह्याच्या माथी महानगराची तहान आणि भूक दोन्ही आहेत. सूर्या धरणाचे पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे जाते. दमणगंगेचे पाणी मुंबईस नेण्याची जोडप्रकल्पाची योजना आहे. बुलेट ट्रेन, द्रुतगती मार्ग, वाढवण बंदर हे सारे त्याच एका पट्टीतून जाणार. डहाणूत १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे प्रदीर्घ काळ अध्यक्ष होते, आणि १९९८ मध्ये त्या प्राधिकरणाने बंदर नाकारले होते. तेच बंदर २०२३ मध्ये मान्य झाले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. तिकडच्या माणसाला आपल्या डोंगरातले पाणी दुसरीकडे जाताना पाहून काय वाटते हे कणकुंबीत सांगण्याची गरज नाही. आपल्या कळसा नाल्याचा प्रश्न लवादापुढे गेला, १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा झाला, कळसा आणि भांडुरा मिळून ३.९ टीएमसी पाणी वळविण्यास अनुमती मिळाली. बेंगळुरूने आपली बाजू मांडली, पणजीने मांडली. ज्या गावाच्या शिवारात खोदाई झाली त्याचा वकील त्या दालनात कोण होता?

३० जानेवारी २०१८ रोजी दिल्लीत हृदयविकाराने वनगांचा मृत्यू झाला. संसदेचे अर्थसंकल्पी अधिवेशन आदल्याच दिवशी सुरू झाले होते. त्यानंतर दीड महिन्यांच्या आत नाशिकहून हजारो आदिवासी शेतकरी लाल झेंडे घेऊन पायी मुंबईस आले. त्यांची प्रमुख मागणी वनजमिनीच्या दाव्यांचा निकाल ही होती. कायदा होऊन तेव्हा अकरा वर्षे उलटली होती. मे महिन्यातील पोटनिवडणुकीने वेगळाच धडा दिला. वनगांचे चिरंजीव श्रीनिवास शिवसेनेतर्फे उभे राहिले, वनगांच्या पक्षाने काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावितांना उमेदवारी दिली, आणि गावित जिंकले. पुढच्याच वर्षी तेच गावित शिवसेनेचे उमेदवार म्हणून पुन्हा निवडून आले, तर श्रीनिवास वनगा पालघरचे आमदार झाले. जागा जमातीसाठी राखीव असते, उमेदवारी मात्र पक्षाच्या हाती असते. आणि पक्षाचे गणित ज्या खोलीत मांडले जाते ती खोली तलासरीत नसते. राखीव जागांच्या पद्धतीतील हे वैगुण्य मला फार मोठे वाटते. तरीही ती पद्धत नसती तर काय झाले असते ह्याचे उत्तर कल्पनेने देण्याची आवश्यकता नाही. ते उत्तर चोर्ला घाट उतरला की भेटते.

गोव्यातील गावडा, कुणबी आणि वेळीप ह्या समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्यांची संख्या सुमारे दीड लाख, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या आसपास. पण चाळीस जणांच्या विधानसभेत त्यांच्यासाठी एकही जागा राखीव नव्हती. दर्जा मिळूनही वीस वर्षांहून अधिक काळ असेच गेले. ती तरतूद करणारे विधेयक संसदेने संमत केले ते ऑगस्ट २०२५ मध्ये. लोकसभेच्या गोव्यातील दोन जागांपैकी राखीव एकही नाही. आपल्या बेळगाव जिल्ह्यात ह्याला छेद देणारे एक उदाहरण घडले आहे, ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे : २०२४ साली चिकोडीच्या खुल्या जागेवरून वाल्मीकी नायक समाजातील प्रियंका जारकीहोळी लोकसभेवर गेल्या. पण त्यांच्यामागे एका प्रबळ राजकीय घराण्याचे बळ आहे. कवाड्याच्या मुलामागे ते नव्हते. त्याच २०२४ साली नंदुरबारच्या राखीव जागेवरून गोवाल पाडवी हे दुसरे आदिवासी वकील लोकसभेत गेले. त्यांचेही वडील, के. सी. पाडवी, वकील आणि राज्यात मंत्री राहिलेले. पहिल्या पिढीची वाट कशी अवघड असते आणि दुसरीची कशी सोपी होते, हे ह्यावरून दिसते.

आणि आता तो शब्द. 'कुणबी' हा महाराष्ट्रात इतर मागासवर्गीय आहे, गोव्यात अनुसूचित जमातीत आहे, आणि आपल्या खानापूरला लागून असलेल्या जोयडा तालुक्यातील कुणबी कित्येक वर्षे तोच दर्जा कर्नाटकात मागत आहेत. एकाच रानाच्या दोन अंगांना राहणारी, एकमेकांशी मिळतीजुळती बोली बोलणारी ही माणसे. वनहक्क कायद्याखाली अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा दाखविला की त्याचा दावा उभा राहतो. जो जमातीत नाही त्याला त्याआधीच्या तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची वहिवाट सिद्ध करावी लागते. पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागद जंगलातल्या घरात शोधायचा कोठे? ज्या काळी जंगलखाते राब जाळणाऱ्याला दंड करीत असे, त्या काळातील दंडाची पावतीसुद्धा आज वहिवाटीचा पुरावा म्हणून उपयोगी पडू शकते. खानापूर तालुक्यातील घरांच्या माळ्यांवर, ट्रंकांच्या तळाशी, अशा पावत्या असतील. त्या वाचून, साल लावून, दाव्यास जोडणारे कोणी ह्या बाकांवर बसलेल्यांपैकी असेल तर त्यास प्रथम कन्नड, मराठी आणि मोडी ह्या तिन्ही लिप्या शिकाव्या लागतील, कारण आपल्या भागातले जुने कागद ह्या तिन्हींत विखुरलेले आहेत.